लघुइंजिन बांधणी

घरच्या छोट्या लेथवर तळहातावर मावणारी, पण खरोखर चालणारी वाफेची, तप्त हवेची वा पेट्रोलवरची इंजिने घडविण्याचा छंद. लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये काढलेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकाने त्याचा मोठा प्रसार केला.

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर पट्टा या छंदाला साजेसा आहे. येथे एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आहे आणि टर्नर-फिटरचे कसब नित्याचे. १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूर अणुवीज केंद्रातही टर्बाइन फिरवते ती वाफच.

नवशिक्याने डोलत्या सिलिंडरचे इंजिन आधी करावे. त्यात वेगळी झडप नसते. सिलिंडर डोलताना त्याचे छिद्र आळीपाळीने वाफेच्या आणि निकासाच्या छिद्रासमोर येते. सगळे यश सिलिंडर आणि त्याचा आधार यांच्या एकमेकांना टेकणाऱ्या दोन सपाट पितळी पृष्ठांवर अवलंबून असते. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून ती इंग्रजी आठाच्या आकारात घासावी लागतात. नीट जमले, तर वाफेच्या नळीत तोंडाने फुंकर मारताच फ्लायव्हील फिरू लागते. तो क्षण विलक्षण आनंदाचा असतो. दट्ट्या घट्ट असेल तर इंजिन अडते, सैल असेल तर वाफ निसटते.

बॉयलरबाबत हयगय नको. तांब्याच्या बॉयलरला चांदीमिश्रित डाख द्यावे, कथिल-शिशाचे नव्हे. कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने, पाणी भरूनच चाचणी घ्यावी. सेफ्टी व्हॉल्व्ह अनिवार्य. रॉबर्ट स्टर्लिंग यांच्या १८१६ च्या तप्त हवेच्या इंजिनाला मात्र बॉयलर लागतच नाही.