एका खोलीत एकच दुखणं

आमच्या मीटिंगमध्ये सल्ला मिळत नाही. नवऱ्याच्या लिव्हरचा रिपोर्ट पिशवीतून काढलात तरी त्यावर कुणी बोलणार नाही. कोर्टातल्या केसवर नाही, सासूवर नाही, मत कुणाला द्यायचं यावर तर नाहीच. जिची पाळी असेल तिने स्वतःपुरतं सांगायचं: घरात पिणारा माणूस आहे, त्याच्यापायी माझं काय झालं आणि मी त्यातून कशी उभी राहिले. बाकीच्यांनी ऐकायचं. मधे तोडायचं नाही. ‘अगं, पण तू असं का नाही करत?’ असं विचारायचं नाही. बोलणं संपलं की सगळ्याजणी ‘थँक यू’ म्हणतात आणि पुढची सुरू करते.

नव्याने आलेल्या बाईला हे कोरडं वाटतं. आपल्याकडे दुखणं सांगितलं की समोरच्याने काढा सांगावा, डॉक्टर सांगावा, निदान एखादा नवस तरी सांगावा, अशी रीत. इथे सगळ्या नुसत्या ऐकतात म्हटल्यावर काहीजणी दुसऱ्या आठवड्यात येतच नाहीत. मी ॲल-अनॉनमध्ये, म्हणजे दारूच्या आजाराने पछाडलेल्यांच्या घरच्यांच्या मंडळात, परळ-लालबागच्या बाजूला बरीच वर्षं जाते आहे. ही शिस्त आली कुठून, ते मी वाचत आणि जुन्याजाणत्यांना विचारत गेले. ती कुणा कडक स्वभावाच्या माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही. माणसं गमावून शिकलेली शिस्त आहे ती. (या लेखावर माझं नाव नाही. छापील मजकुरात सदस्याने आपली ओळख देऊ नये, ही आमची अकरावी परंपरा.)

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, १८४० च्या एप्रिलमध्ये. एका गुत्त्यात नेहमी बसणाऱ्या सहा मित्रांनी दारू सोडायची शपथ घेतली आणि मंडळ काढलं. जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव घेतलं म्हणून त्यांना वॉशिंग्टोनियन म्हणू लागले. तोवर दारूबंदीचं काम पाद्री आणि प्रतिष्ठित मंडळी करत. ते व्यासपीठावरून पिणाऱ्याला पापी म्हणत. हे सहाजण उपदेश करत नव्हते. प्रत्येकजण उठून आपलीच कहाणी सांगे: मी किती प्यायचो, काय घालवलं, आज कसा आहे. ऐकणाऱ्यातला पिणारा माणूस पुढे येई. जॉन हॉकिन्स नावाचा एक टोप्या बनवणारा कारागीर असा काही बोले की सभागृहं ओसंडून वाहत. १८४२ च्या २२ फेब्रुवारीला, वॉशिंग्टनच्या जयंतीला, स्प्रिंगफील्डच्या शाखेपुढे तरुण वकील अब्राहम लिंकन यांचं भाषण झालं. त्यांनी नेमकं हेच हेरलं होतं की शिव्याशापांनी जे जमलं नाही ते या माणसांच्या आपुलकीने जमलं. लाखोंनी शपथपत्रावर सह्या केल्या.

आणि दहा वर्षांच्या आत सगळं विरलं. सभांना न पिणारे लोकही हौसेने येऊ लागले. व्यासपीठावर राजकारणी आले. दारूबंदीचा कायदा हवा की नको यावर तट पडले, गुलामगिरीच्या प्रश्नावर पडले, धर्मावरून पडले. यातला एकेक प्रश्न महत्त्वाचाच होता. गुलामगिरीवर गप्प बसा असं कोण म्हणेल? पण जो माणूस काल रात्री गटारात पडला होता आणि आज थरथरत्या हाताने शेवटच्या बाकावर येऊन बसला होता, त्याच्यासाठी त्या गर्दीत जागा उरली नाही. तो घरी गेला नाही, गुत्त्यावर गेला.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३५ च्या मे महिन्यात, ओहायोतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाला भेटला. दोघेही पट्टीचे पिणारे. बिल काही महिन्यांपासून सुटलेला, बॉब अजून बुडालेला. बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आला होता. बोलणं संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत चाललं, कारण बिलने त्याला उपदेश केला नाही, स्वतःबद्दल सांगितलं. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, एएचा, स्थापना दिवस मानतात.

या मंडळींना वॉशिंग्टोनियनांची गत सुरुवातीला ठाऊक नव्हती. तीच ठेच त्यांनाही लागणार होती. १ मार्च १९४१ ला ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये त्यांच्यावर लेख आला आणि वर्षभरात दोन हजारांचे आठ हजार सदस्य झाले. गावोगावचे गट आपापले नियम करू लागले. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, याच्या लांबलचक याद्या न्यूयॉर्कला पोचल्या. त्या सगळ्या एकत्र लावल्या तर एकही माणूस सदस्य होऊ शकला नसता, असं पुढे बिलनेच लिहून ठेवलं. एका गावाने तर इस्पितळ, शिक्षण, मदतनिधी असं सगळं एका छपराखाली आणायची योजना आखली आणि एकसष्ट नियम केले. ते कोसळल्यावर ही योजना आखणाऱ्या माणसाने बासष्टावा नियम लिहून पाठवला: स्वतःला फार गांभीर्याने घेऊ नका.

या गोंधळातून बारा परंपरा निघाल्या. त्या १९४६ साली एएच्या ‘ग्रेपव्हाइन’ मासिकात आल्या आणि १९५० च्या जुलैत क्लीव्हलंडच्या अधिवेशनात मंजूर झाल्या. त्यातल्या दोन माझ्या मते सगळ्यांत मोलाच्या. पाचवी: गटाचं मुख्य काम एकच, अजून जो भोगतो आहे त्याच्यापर्यंत निरोप पोचवणं. दहावी: बाहेरच्या प्रश्नांवर मंडळाचं मत नाही. या दहाव्या परंपरेवर लिहिताना बिलने वॉशिंग्टोनियनांचंच उदाहरण दिलं आहे. मधे न बोलण्याची चाल मात्र या बारांत कुठे लिहिलेली नाही. ती खोल्याखोल्यांतून आपोआप रुजली.

१९५७ साली एए मुंबईत आलं, तो काळ लक्षात घ्या. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता. दारू हा आपल्याकडे कायम चळवळीचा विषय. १८८० साली जोतिराव फुल्यांनी पुण्यात दारूची दुकानं वाढवण्याला लेखी विरोध केला होता. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यातल्या दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग झालं होतं. पुढे उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानात बायकांनी गावोगावची दुकानं बंद पाडली. मला त्या बायकांचा अभिमान आहे. पण मुंबईतल्या त्या पहिल्या खोलीत बंदी चांगली की वाईट, यावर कुणी बोलायचं नव्हतं. चोरून पिणाऱ्याला तिथे येऊन ‘मी पितो’ म्हणता यायला हवं होतं. बंदीच्या बाजूच्या सभेत तो हे कसं म्हणणार?

मला हे उमजलं ते गिरणी संपात. १९८२ च्या जानेवारीत गिरण्या बंद झाल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आमचे हे नुकतेच एएत जाऊ लागले होते. मीटिंग शाळेच्या वर्गात व्हायची, लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसायची. ओपन मीटिंगला घरच्यांना येऊ देत, म्हणून मी मागच्या बाकावर असे. एकाच बाकावर संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या मागे ठाम उभा असलेला एक साचेवाला आणि संपाच्या विरोधातल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा एक जुना माणूस. बाहेर या दोन बाजूंची डोकी फुटत होती. एका संध्याकाळी तो साचेवाला बोलायला उठला आणि दोन वाक्यांत गिरणीवर घसरला: मालक, सरकार, फितूर. शेजारचा ताठ झाला. तेव्हा चेअरला बसलेल्या म्हाताऱ्याने आवाज न चढवता एवढंच विचारलं, “दादा, आज प्यायलात का?” तो थांबला. मग म्हणाला, “नाही. पण काल बायकोची पोत विकली आणि पैसे खिशात असताना गुत्त्यासमोर बराच वेळ उभा होतो.” खोली एकदम गप्प झाली. पुढे तो त्या पोतीबद्दलच बोलला, आणि त्यानंतर उठला तो शेजारचा संघवाला. त्यानेही घरातलं काय विकलं होतं तेच सांगितलं.

संप बोलायचाच नाही असं नव्हतं. मीटिंग सुटल्यावर फुटपाथवर, चहाच्या टपरीपाशी तासभर दुसरी मीटिंग भरे. तिथे गिरणी, उधारी, गावाकडची शेती, सगळं निघे, भांडणंही होत. वर्गाच्या दाराच्या आत फक्त दारू. त्या वर्षात चाळींतली कितीतरी माणसं पुन्हा बाटलीकडे वळली. हे दोघे त्या बाकावर टिकले ते त्या दारामुळे, असं मी आजही मानते.

सल्ला न देण्याचं दुसरं कारण जिवावरचं आहे. एसटी स्टँडच्या भिंतींवर आपण वाचतो, पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. पुड्या मिळतात, चहात कालवायच्या. त्यांत काय असतं ते विकणारा सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, दारूबरोबर त्याचं काय होतं ते कोपनहेगनला १९४०च्या दशकात कळला. जंतांवर काही उपयोग होतो का ते बघायला संशोधकांनी ते स्वतः घेऊन पाहिलं होतं, आणि नंतर दारू घेतल्यावर त्यांचा जीव घाबराघुबरा झाला. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. माणूस दगावूही शकतो. म्हणून ते रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. आमच्या खोलीत एका बाईने उत्साहाने ‘मी अमुक पुडी दिली, गुण आला’ म्हटलं तर ऐकणाऱ्या दहाजणी दुसऱ्या दिवशी तीच आणतील. त्यांच्या नवऱ्यांची हृदयं कशी आहेत ते कुणाला माहीत? ‘मी भीतीपोटी पुडी आणायला निघाले होते’ हे ती सांगू शकते. पुडीचं नाव सांगायचं नाही.

या नियमाची किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. फक्त दारूबद्दल बोला म्हटलं की दुसरं दुखणं घेऊन आलेला माणूस दारातून परत जातो. १९५८ साली बिलने ‘ग्रेपव्हाइन’मध्ये स्पष्ट लिहिलं की ज्याला दारूचा आजार नाही, फक्त ड्रग्जचा आहे, तो एएचा सदस्य होऊ शकत नाही. वाचताना मला ते टोचलं होतं. पण अशांसाठी त्याआधीच काय उभं राहिलं होतं ते पाहा. १९५३ साली कॅलिफोर्नियात नार्कोटिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं, त्याच पायऱ्यांवर, पण वेगळ्या खोलीत. त्याआधी नवऱ्यांच्या मीटिंगा होईपर्यंत ताटकळणाऱ्या बायका आपसात बोलू लागल्या होत्या. बिलची पत्नी लोइस हिने एका मैत्रिणीबरोबर १९५१ साली त्यांच्या गटांना एकत्र आणलं, तेच आमचं ॲल-अनॉन. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट वेगळा बसतो. नवऱ्यासमोर बायको खरं बोलत नाही, हे त्यांनाही दिसलं असणार.

ही शिस्त पाळायला एका खोलीतच बसावं लागतं असंही नाही. लांबून चालणाऱ्या मीटिंगाही नव्या नाहीत. जहाजांवरच्या आणि एकट्या पडलेल्या एएच्या सदस्यांनी १९४०च्या दशकापासून पत्रांतून मीटिंगा चालवल्या; पत्रातही आपापलंच लिहायचं ही चाल होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही झूमवर बसलो तेव्हा पहिल्याच दिवशी ठरलं, माइक एकीचाच चालू, घरातला दुसरा कुणी पडद्यामागे ऐकत बसणार नाही.

आता मधुमेहाचे, कर्करोगाचे, पार्किन्सन्सचे व्हॉट्सॲप ग्रुप घरोघरी आहेत. माझी बहीण तिच्या केमोच्या काळात अशा एका ग्रुपवर होती. पहाटे तीनला तिने लिहिलं, ‘मला भीती वाटते आहे.’ सकाळी त्याखाली गुलाबाची फुलं, एक निवडणुकीचा व्हिडिओ आणि कारल्याच्या रसाची कृती होती. त्यांतला एकही माणूस वाईट नव्हता. तिने पुन्हा तिथे काही लिहिलं नाही.

तुम्ही असा ग्रुप चालवत असाल तर माझी कळकळीची विनंती आहे. फुलांसाठी, राजकारणासाठी, गप्पांसाठी दुसरा ग्रुप काढा, आणि खुशाल काढा, माणसांना तोही लागतो. औषधाचं नाव आणि डोस डॉक्टरकडे राहू दे. पहिल्या ग्रुपवर ज्याने त्याने आपल्यावर आलेलं तेवढंच सांगावं. आणि रात्री तीनला कुणी लिहिलं तर सकाळी उठल्यावर आधी तिला उत्तर द्या. ‘मीही तिथे होते’ एवढं लिहिलंत तरी पुरतं.