किमतीचा न्याय आणि वापराचा न्याय : मुंबई इलाखा व महाराष्ट्रातील नगर नियोजनात अपील न्यायाधिकरणाची भूमिका

प्रस्तावना

नगर नियोजनाच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे प्रामुख्याने आराखडे, रस्ते, इमारती आणि ते घडविणारे प्रशासक यांच्या अंगाने झालेले आहे. आराखड्यामुळे ज्याचे घर अथवा जमीन बाधित होते, त्याने दाद कोठे मागावी, हा प्रश्न मात्र कायद्याच्या अभ्यासकांवर सोपवून इतिहासकार पुढे गेले आहेत. वास्तविक पाहता हा प्रश्न मूलतः ऐतिहासिक आहे. दाद मागण्याची व्यवस्था कोणासाठी निर्माण झाली आणि कोणासाठी झाली नाही, यावरून त्या काळातील राज्यसंस्थेला नागरिक म्हणजे कोण वाटत होता, हे स्पष्ट होते.

प्रस्तुत लेखात १८९८ च्या मुंबई शहर सुधारणा कायद्यापासून १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियमापर्यंत अपील न्यायाधिकरणाचा प्रवास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, या न्यायाधिकरणाने जमिनीच्या किमतीचा न्याय केला. जमिनीच्या वापराचा न्याय करणे त्याच्याकडे कधी सोपविण्यातच आले नाही. परिणामी मालकाला न्यायपीठ मिळाले. भाडेकरू आणि शेजारी मात्र त्याच्या दाराबाहेरच राहिले.

प्लेग, ट्रस्ट आणि न्यायाधिकरणाचा जन्म

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगचा प्रादुर्भाव झाला. दाट वस्ती, अपुरा उजेड व हवा हेच रोगाचे मूळ होय, असे तत्कालीन शासकीय मत होते. त्यातून १८९८ चा कायदा संमत झाला आणि सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. अनारोग्यकारक वस्त्या पाडणे, नवे रस्ते काढणे, समुद्र हटवून जमीन मिळविणे आणि गरीब वर्गासाठी निवासाची सोय करणे अशी कामे ट्रस्टकडे देण्यात आली. नागपाडा व मांडवी-कोळीवाडा येथील योजना, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते आणि पुढे दादर, माटुंगा, शीव भागातील नव्या वसाहती ही त्याची ठळक कामे होत.

एवढ्या मोठ्या कामासाठी दाट वस्तीतील असंख्य लहानमोठ्या मिळकती संपादित कराव्या लागणार होत्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्याने नुकसानभरपाई ठरवावी आणि ती अमान्य असल्यास मालकाने दिवाणी न्यायालयाकडे संदर्भ मागावा, अशी रीत होती. प्रत्येक मिळकतीचा वाद या मार्गाने गेला असता तर योजना वर्षानुवर्षे अडून पडल्या असत्या. म्हणून १८९८ च्या कायद्याने न्यायालयाच्या जागी एक खास अपील न्यायाधिकरण आणले. त्यात एक अध्यक्ष आणि दोन असेसर असत. अध्यक्षाने कायद्याची बाजू पाहावी आणि असेसरांनी मूल्यांकनाचे व स्थानिक परिस्थितीचे ज्ञान पुरवावे, अशी ही रचना होती. उच्च न्यायालयात जाण्याचा मार्गही मर्यादित ठेवण्यात आला. प्रकरण अपिलास योग्य असल्याचा दाखला मिळाल्यावाचून अथवा उच्च न्यायालयाच्या खास परवानगीवाचून पुढे जाता येत नसे.

या संस्थेचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा म्हणजे सरकारतर्फे केलेला केवळ देकार होय, तो न्यायनिर्णय नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०५ मध्ये एझ्रा खटल्यात स्पष्ट केले. निवाडा हा देकार असेल तर तो तपासणारे स्वतंत्र पीठ असणे ही न्यायाची किमान अट ठरते. ही अट मुंबईच्या न्यायाधिकरणाने पूर्ण केली. मालक आणि ट्रस्ट हे दोन पक्ष समोरासमोर आले, साक्षीपुरावे झाले आणि वसाहतवादी सत्तेलाही आपला आकडा समर्थनीय आहे, हे दाखवून द्यावे लागले.

मुंबईचा हा नमुना इतरत्रही स्वीकारला गेला. १९११ च्या कलकत्ता सुधारणा कायद्यात आणि १९३६ च्या नागपूर सुधार प्रन्यास कायद्यात अशीच न्यायाधिकरणे आढळतात. १९२१ मध्ये भूसंपादन कायद्यात दुरुस्ती होऊन नुकसानभरपाईच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलपर्यंत अपिलाचा मार्ग खुला झाला. तथापि कलकत्त्याच्या न्यायाधिकरणाच्या निवाड्यांना ही दुरुस्ती लागू नाही, असा निर्णय १९३१ मध्ये हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह इन्शुरन्स सोसायटीच्या खटल्यात देण्यात आला. सुधारणा कायद्याने भूसंपादन कायदा जसा होता तसा आपल्यात सामावून घेतला होता. मूळ कायद्यात नंतर झालेले बदल त्याला आपोआप लागू होत नाहीत, असे त्यामागचे तत्त्व होते. शीघ्र व जवळपास अंतिम निर्णय हा या न्यायाधिकरणांचा स्वभावच होता, हे यावरून दिसते.

न्यायाधिकरणासमोर कोण उभा राहू शकत होता?

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. ट्रस्टच्या योजनेत चाळ पाडली जाई तेव्हा चाळीचा मालक न्यायाधिकरणाकडे जाऊन वाढीव रक्कम मागू शकत असे. त्याच चाळीतील खोलीत महिना भाड्याने राहणाऱ्या कामगाराची स्थिती काय होती? त्याचा मिळकतीतील हितसंबंध कायद्याच्या दृष्टीने एका महिन्याच्या नोटिशीएवढाच होता. त्याचे नुकसान रुपयांत मोजण्याजोगे नव्हते. गोदी वा गिरणीपासून दूर फेकले जाणे, नातलग व गाववाल्यांचा शेजार तुटणे, नव्या जागी भाडे न परवडणे यांपैकी कोणतीही बाब नुकसानभरपाईच्या व्याख्येत बसत नव्हती.

ट्रस्टने पर्यायी निवासासाठी चाळी बांधल्या, हे खरे. बी.आय.टी. चाळी म्हणून त्या आजही ओळखल्या जातात आणि परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहत होते. परंतु पाडलेल्या खोल्यांच्या प्रमाणात नवीन खोल्या वेळेवर उपलब्ध झाल्या नाहीत आणि विस्थापितांपैकी अनेक जण लगतच्या वस्त्यांत शिरून तेथील गर्दी वाढवीत राहिले, हे ट्रस्टच्या कार्याचे चिकित्सक अभ्यासक आता सामान्यतः मान्य करतात. योजना कोठे व्हावी, ती आवश्यक आहे काय, विस्थापितांची सोय झाल्याशिवाय पाडकाम सुरू करावे काय, हे प्रश्न न्यायाधिकरणाच्या कक्षेत नव्हतेच. ते ट्रस्टने आणि सरकारने आधीच निकालात काढलेले असत. न्यायाधिकरणापुढे येई तो केवळ एकच प्रश्न : किंमत किती?

नगर रचना योजना : १९१५ ते १९६६

१९१५ च्या मुंबई नगर रचना कायद्याने वेगळा मार्ग आणला. जमीन सक्तीने विकत घेण्याऐवजी सर्व मालकांच्या जमिनी एकत्र कराव्यात, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढून घ्याव्यात आणि उरलेल्या जमिनीचे सुबक आकाराचे अंतिम भूखंड मूळ मालकांना परत द्यावेत, ही ती पद्धत होय. इंग्लंडचा १९०९ चा कायदा आणि फ्रँकफर्ट येथील जमीन पुनर्रचनेचा १९०२ चा जर्मन कायदा यांचा प्रभाव तिच्यावर होता. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या उपनगरांत अशा योजना झाल्या आणि तेथील मिळकतींची ओळख आजही टी.पी. स्कीम व अंतिम भूखंड क्रमांकाने दिली जाते.

या पद्धतीत मालक केवळ जमीन गमावणारा राहत नाही, तर तो योजनेचा भागीदार ठरतो. त्यामुळे वादाचे स्वरूपही बदलते. कोणता भूखंड कोणाला, त्याचा आकार काय, सुधारणेमुळे वाढलेल्या मूल्यापैकी किती रक्कम मालकाने द्यावी, असे प्रश्न त्यात येतात. हे प्रश्न सोडविण्यासाठी लवादाची व त्यापुढे दाद मागण्याची व्यवस्था करण्यात आली. १९५४ च्या मुंबई नगर रचना कायद्यात नगर रचना अधिकारी आणि त्याच्या निर्णयांपैकी काहींवर अपील ऐकणारे अपील मंडळ अशी मांडणी होती. हा कायदा सर्वोच्च न्यायालयात आव्हानास पात्र ठरला. परंतु १९६९ मध्ये शांतिलाल मंगलदास खटल्यात न्यायालयाने तो वैध ठरविला. योजना आखण्याचा इरादा जाहीर झाला त्या दिवशीच्या मूल्यावर भरपाई देणे घटनाबाह्य नाही, असे न्यायालयाने मानले.

दुसरीकडे नागपूरच्या संदर्भात वेगळा निर्णय झाला. नागपूर सुधार प्रन्यासासाठी संपादित केलेल्या जमिनीला भूसंपादन कायद्यातील १५ टक्के दिलासा रक्कम मिळत नव्हती. एकाच जमिनीसाठी सरकारने एक कायदा निवडला तर भरपाई जास्त आणि दुसरा निवडला तर कमी, हे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने विठ्ठल राव खटल्यात सांगितले. दोन्ही निर्णयांचे निष्कर्ष भिन्न असले तरी न्यायालयांपुढील चर्चेचा विषय एकच होता : मालकाला मिळणारी रक्कम.

१९६६ चा अधिनियम : दोन दारे

११ जानेवारी १९६७ पासून अंमलात आलेला महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम हा या परंपरेचा वारसदार आहे. या अधिनियमाने नगर रचना योजनेतील लवादाच्या निर्णयांचे दोन भाग केले. कोणती जागा सार्वजनिक प्रयोजनासाठी राखून ठेवावी, यासारखे निर्णय अंतिम मानण्यात आले. मूल्य, वाढ, अंशदान व भरपाई यांच्याशी निगडित निर्णय प्रामुख्याने अपिलास पात्र ठरले. त्यासाठी अध्यक्ष व दोन असेसर यांचे अपील न्यायाधिकरण कायम राहिले. १८९८ ची रचना स्वतंत्र भारतातही जवळपास तशीच टिकून राहिली, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

विकास परवानगीच्या बाबतीत मात्र दार वेगळे आहे. नियोजन प्राधिकरणाने परवानगी नाकारली अथवा जाचक अटी घातल्या तर कलम ४७ नुसार अर्जदाराने ४० दिवसांच्या आत अपील करावयाचे असते आणि ते न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर राज्य शासनाकडे. हे अपील उपसचिव वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडेही सोपविता येते. १९४७ च्या ब्रिटिश नगर नियोजन कायद्यातील मंत्र्याकडे करावयाच्या अपिलाशी याचे साम्य उघड आहे. म्हणजेच जमिनीच्या वापराविषयीचा वाद न्यायपीठापुढे येत नाही. तो कार्यकारी शाखेतच फिरतो. परवानगी मिळाल्यामुळे ज्याचा उजेड, रस्ता वा मैदान जाते, त्या शेजाऱ्याला तर कलम ४७ मध्ये स्थानच नाही. विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणीही होते. परंतु शासनाने आराखडा एकदा मंजूर केला की त्यावर न्यायाधिकरणाकडे अपील नाही. उरतो तो उच्च न्यायालयातील रिट अर्जाचा मार्ग. तेथे निर्णय कायदेशीर आहे काय हे तपासले जाते. तो शहाणपणाचा आहे काय, हे सहसा तपासले जात नाही.

व्यापक अधिकारांचा दुसरा अनुभव

न्यायाधिकरणाला वापराचाही न्याय करू दिला असता तर प्रश्न सुटला असता काय? या संदर्भात कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९०६ मध्ये रेल्वे व म्युनिसिपल बोर्ड स्थापन झाले आणि १९३२ पासून ते ऑन्टॅरिओ म्युनिसिपल बोर्ड म्हणून ओळखले जाऊ लागले. आराखडा व भूवापर विभागणी यांवरील अपिले हे बोर्ड नव्याने ऐके आणि निवडून आलेल्या नगर परिषदेचा निर्णय बदलून स्वतःचा निर्णय देऊ शके. नागरिक संघटनांनाही तेथे अपील करता येई. तथापि नियुक्त सदस्यांनी लोकप्रतिनिधींना डावलावे काय, महागडे वकील व तज्ज्ञ उभे करू शकणाऱ्या बिल्डरांना झुकते माप मिळते काय, अशी टीका दीर्घकाळ होत राहिली. २०१८ मध्ये ते बोर्ड बंद करून नवे न्यायाधिकरण आणण्यात आले आणि २०२१ मध्ये तेही ऑन्टॅरिओ भूमी न्यायाधिकरणात विलीन झाले. २०२४ च्या कायद्याने आराखडा व विभागणीतील बदलांवर त्रयस्थ नागरिकांनी अपील करण्याचा अधिकार बराचसा काढून घेतला. दार रुंद केल्याने न्याय आपोआप समान होत नाही आणि ते पुन्हा अरुंद करताना प्रथम सामान्य नागरिकच बाहेर जातो, असे दोन्ही धडे या अनुभवातून मिळतात.

समारोप

मुंबईतील अपील न्यायाधिकरणाने मनमानी मूल्यांकनाला आळा घातला, तज्ज्ञांना न्यायासनाशेजारी बसविले आणि वाद लवकर मिटविले, हे त्याचे निर्विवाद श्रेय आहे. परंतु त्याची कक्षा १८९८ साली ज्या प्रश्नाने आखली गेली, त्या प्रश्नापलीकडे ती गेली नाही. मिळकतीचे मूल्य मोजता येते म्हणून तिला न्यायाधिकरण मिळाले. वस्तीचे मूल्य मोजता येत नाही म्हणून तिला ते मिळाले नाही.

गेल्या काही वर्षांत एक वेगळे दार किलकिले झाले आहे. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे पर्यावरण मंजुरीविरुद्ध कोणतीही व्यथित व्यक्ती अपील करू शकते. मोठ्या बांधकाम प्रकल्पांविषयीची गाऱ्हाणी पुण्यातील पश्चिम विभागीय खंडपीठापुढे येतात, यामागे हेच कारण आहे. नियोजनाच्या कायद्यात ज्याला जागा नाही, तो नागरिक पर्यावरणाच्या कायद्यातून आत येतो आहे. ही सोय असली तरी ते नियोजन व्यवस्थेतील उणिवेवरचे उत्तर नव्हे. जमिनीचा वापर ठरविताना ज्यांचे जीवन बदलते त्या सर्वांना, मालक असोत वा नसोत, एका स्वतंत्र पीठापुढे कारणे मागता यावीत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर चाळीतील भाडेकरूला जे उत्तर मिळाले नाही, ते देण्याची जबाबदारी आजही शिल्लक आहे.