सारखेपणापासून सुरुवात

पावसाळा सरत आला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीकडे चढणाऱ्या रस्त्याच्या कडेला, आरेत आणि मुलुंडच्या डोंगरउतारांवर फुलपाखरांना बहर येतो. नवा निरीक्षक इथे पहिल्यांदा अडखळतो तो सारख्या दिसणाऱ्या जातींपाशी. माझ्या मते या अभ्यासाची सुरुवात तिथूनच करावी, कारण दोन जाती सारख्या का दिसतात हे कळलं की त्या वेगळ्या कुठे आहेत हेही दिसू लागतं.

कॉमन रोझचा सुरवंट सापसनाच्या वेलीवर वाढतो आणि तिच्यातलं विष अंगात साठवतो. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाही. कॉमन मॉर्मन लिंबावर, कढीपत्त्यावर पोसलेलं, बिनविषारी. त्याच्या मादीचं एक रूप कॉमन रोझसारखं, दुसरं क्रिमसन रोझसारखं, तिसरं स्वतःच्या नरासारखं. बिनविषारी जातीने विषारी जातीसारखं दिसून पक्ष्यांपासून वाचायचं, अशा नकलेची उपपत्ती हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून १८६२ मध्ये मांडली. मॉर्मनच्या माद्यांची ही रूपं ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकावर ठरतात, हे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. आणि हे फुलपाखरू अंधेरीतल्या कुंडीतल्या कढीपत्त्यावरही अंडी घालतं! रानात दोघांना वेगळं करायचं तर पंखांवरून नजर काढून धडाकडे न्यावी: रोझच्या धडावर लाल रंग असतो, मॉर्मनचं धड काळं.

प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी यांचंही तसंच. पहिल्याचा सुरवंट रुईवर, दुसरीचा घोळीवर. टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच ठिपका.

सगळा सारखेपणा नकलेतून येत नाही. ब्लू टायगर आणि डार्क ब्लू टायगर हे सख्खे भाऊबंद. खुळखुळ्यावर दोघांचे नर एकत्र बसलेले दिसले, तर निळ्या पट्ट्यांची रुंदी ताडून पाहावी. डार्क ब्लूचे पट्टे अरुंद.

ग्रास यलो मंडळी सर्वांत अवघड, कारण ऋतूनुसार त्यांच्या खुणा बदलतात. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूचे ठिपके मोजता येतील असा फोटो मिळाला तरच जातीचं नाव लिहावं. नाहीतर वहीत ‘युरेमा’ हे या गटाचं शास्त्रीय नाव एवढंच, सोबत तारीख, जागा आणि ते कोणत्या झाडावर बसलं होतं ते.