स्पॅम, अंडी आणि सुदाम्याचे पोहे

परवा टीममधल्या एका फ्रेशरने विचारलं, "पायथॉनच्या उदाहरणांमध्ये सगळीकडे स्पॅम आणि एग्ज का असतात?" म्हटलं बस, सांगतो. कोड रिव्ह्यू राहिला बाजूला.

तर मंडळी, गिडो व्हॅन रॉसमने 1991 साली ही भाषा जगापुढे आणली, पण नाव सापावरून ठेवलं नाही. ते आलं बीबीसीच्या 'माँटी पायथॉन्स फ्लाइंग सर्कस'वरून (1969 ते 1974). त्यातल्या 1970 च्या एका स्किटमध्ये हॉटेलातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असतं, आणि मधूनच व्हायकिंग स्पॅमचं गाणं म्हणायला लागतात. तुमच्या इनबॉक्समधला स्पॅम तो हाच.

आपल्याला हे नुसतं येडपट वाटतं. पण स्पॅम म्हणजे अमेरिकेतून येणारं डबाबंद मांस. युद्धात ब्रिटनमध्ये ताजं मटण मिळेना, रेशनिंग 1954 पर्यंत चाललं. समोरचा प्रेक्षक लहानपणी ते खाऊन विटलेला होता. आमच्या बाबांसमोर नुसतं 'मिलो' म्हणून बघा, 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ती लाल ज्वारी आठवून आजही तोंड वाकडं करतात!

त्या सहा जणांपैकी पाच ऑक्सफर्ड-केंब्रिजचे. मायकेल पेलिन तर इतिहास शिकलेला. म्हणून 1912 सालच्या इंग्लंडमधल्या एका दिवाणखान्यात लाल झगे घालून स्पॅनिश इन्क्विझिशनचे कार्डिनल घुसतात आणि छळ म्हणून मऊ उशा टोचतात. जर्मन आणि ग्रीक तत्त्वज्ञांची फुटबॉल मॅच होते. अमरावतीला होस्टेलवर हे बघितलं तेव्हा मला घंटा काही कळलं नव्हतं. आधी इन्क्विझिशन काय ते वाचलं, मग परत बघितलं, मग हसलो. विनोदाला असा अभ्यास लागला की अर्धी मजा जाते हे खरं, पण उरलेली अर्धीही भरपूर होती.

आपल्याकडे हा उद्योग टीव्हीच्या कितीतरी आधी एका वकिलाने वऱ्हाडात बसून केला होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. महाराष्ट्रगीत लिहिणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि तिथेच थांबतो. वकिली खामगावला, नंतर जळगाव-जामोदला. 1902 मध्ये 'विविधज्ञानविस्तार'मध्ये त्यांचा 'साक्षीदार' हा पहिला विनोदी लेख आला. पुढे सगळ्या लेखांचं पुस्तक झालं 'सुदाम्याचे पोहे'. त्याचं दुसरं नाव 'साहित्यबत्तिशी', म्हणजे लेख बत्तीस आणि दातही बत्तीस. नावातच पुराण आहे, पण त्याला तळटीप लागत नाही. पोहे सगळ्यांनी खाल्लेत आणि सुदामा सगळ्यांना माहीत आहे.

आत मात्र गाडी अडते. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या जुन्या रूढींची इतक्या गंभीरपणे बाजू घेतात की त्या रूढीच हास्यास्पद होतात. युक्ती पायथॉनवाल्यांचीच, तोंड सरळ ठेवायचं. पण त्यातल्या कित्येक चालीरीती आता उरल्याच नाहीत, त्यामुळे टोमणा कुणाला बसतोय तेच समजत नाही. ज्या उरल्यात तिथे आजही नेम बरोबर लागतो.

गेल्या दिवाळीत अकोल्याला बाबांना मोठ्याने वाचून दाखवत होतो. दोनदा खळखळून हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "कायरे, खामगावच्या कोर्टात असं कोनं बोलत असन का?"

मुद्दा बरोबर होता. कोल्हटकर रोज वऱ्हाडी अशिलांमध्ये वावरले असणार, पण त्यांचा सुदामा बोलतो ते मुंबईच्या मासिकात शोभणारं, संस्कृताने जड झालेलं मराठी. बोली दाराबाहेरच राहिली. टीव्हीवर ती पुढे आली. 2014 ला 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं, त्यात भारत गणेशपुरे आमच्यासारखं बोलायला लागले की बाबा खुर्ची पुढे ओढून बसायचे. मी तेव्हा शाळा-कॉलेजच्या वयाचा, मलाही कोण आनंद! पुढे पुण्यात नोकरी लागली. आता मीटिंगमध्ये चुकून "मी करून राह्यलो" निघालं की सगळे हसतात, आणि मी तर फक्त डिप्लॉयमेंटचं स्टेटस सांगत असतो.

असो. फ्रेशर परभणीचा निघाला. त्याला 'सुदाम्याचे पोहे' वाचायला दिलंय.