जवान गावकऱ्यांसोबत सामने का खेळतात? व्हॉलीबॉलच्या नेटमागची गोष्ट

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ एक रबरी बोट किनाऱ्याला लागली. त्या बोटीतून आलेल्या अनोळखी तरुणांना सगळ्यात आधी पाहिलं ते तिथल्या मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी. त्यांनी या तरुणांना हटकलंसुद्धा. पुढे काय झालं, ते सगळ्या देशाने पाहिलं.

या घटनेनंतर एक गोष्ट सगळ्यांनाच कळली. समुद्रावर काही वावगं घडलं, तर ते गस्ती नौकेच्याही आधी मच्छीमाराला दिसू शकतं. रत्नागिरी जिल्ह्याला सुमारे १६७ किलोमीटरचा किनारा आहे. मिरकरवाडा, हर्णै अशा बंदरांतून रोज होड्या समुद्रात जातात. त्यातल्या एखाद्या खलाशाला संशयास्पद बोट दिसली, तर त्याच्यापुढे दोन पर्याय असतात. वर्दीतल्या माणसाला फोन करायचा किंवा 'कशाला नसती झंझट' म्हणून गप्प बसायचं.

तो काय करेल, हे वर्दीतल्या माणसाबद्दल त्याला आधीपासून काय वाटतं, यावर ठरतं. हा विश्वास ऐनवेळी मिळत नाही, आधीच कमवावा लागतो. लष्कर, निमलष्करी दलं आणि पोलीस स्थानिक लोकांसोबत क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल खेळतात त्यामागचं मुख्य कारण हेच आहे.

हे सामने नेमके काय असतात?

सोशल मीडियावर असे व्हिडिओ अधूनमधून दिसतात. एका बाजूला जवान, दुसऱ्या बाजूला गावातली पोरं, मध्ये नेट. खाली कमेंटमध्ये दोन गट पडलेले असतात. एक म्हणतो 'सॅल्यूट', दुसरा म्हणतो 'सगळा प्रचार आहे'.

प्रत्यक्षात हे सामने एका मोठ्या धोरणाचा भाग असतात. भारतीय लष्कराने १९९८ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये 'ऑपरेशन सद्भावना' सुरू केलं. त्यात शाळा, आरोग्य शिबिरं, व्यवसाय प्रशिक्षण आणि खेळ अशा गोष्टी येतात. सीआरपीएफ अशाच कामासाठी 'सिव्हिक ॲक्शन प्रोग्रॅम' राबवतं. लोकांची साथ नसेल, तर बंदुकीच्या जोरावर शांतता टिकत नाही, हा यामागचा विचार आहे.

मराठी माणसाला यातलं एक नाव ओळखीचं असेल, ते म्हणजे कर्नल संतोष महाडिक. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे महाडिक हे मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख होते. ते स्वतः फुटबॉलमध्ये गोलकीपर म्हणून खेळायचे. कुपवाड्यातल्या तरुणांना शिक्षण, खेळ आणि रोजगाराकडे वळवण्याच्या कामासाठी ते ओळखले जायचे. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यातल्या चकमकीत त्यांना वीरमरण आलं.

गडचिरोलीत काय चालतं?

महाराष्ट्रात हा प्रयोग सगळ्यात ठळकपणे दिसतो तो गडचिरोलीत. तिथे मैदानात उतरतं ते पोलीस दल. वीर बाबुराव शेडमाके आणि भगवान बिरसा मुंडा यांच्या नावाने तिथे व्हॉलीबॉल आणि कबड्डीच्या स्पर्धा होतात. दुर्गम गावांतले आदिवासी तरुण त्यात संघ घेऊन उतरतात.

यातली नावं महत्त्वाची आहेत. शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव केला आणि त्याच वर्षी त्यांना चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, फाशी देण्यात आलं. 'तुमचा नायक तो आमचाही नायक' हा निरोप स्पर्धेच्या नावातूनच जातो.

पण स्पर्धा संपल्यावर काय? त्यासाठी पोलीस ठाण्यांत 'पोलीस दादालोरा खिडकी' आहे. जातीचा दाखला, सरकारी योजनांचे अर्ज, रोजगार प्रशिक्षण अशा कामांसाठी लोक तिथे येऊ शकतात. म्हणजे मैदानात झालेली ओळख दुसऱ्या दिवशी कामाला येते.

खेळच का?

गावात सभा घेतली, तर एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. साहित्य वाटलं, तर एक देतो आणि दुसरा घेतो. दोन्हीकडे एक वर, एक खाली. सामन्यात मात्र नियम दोघांना सारखेच असतात. सर्व्हिस नेटमध्ये अडकली, तर पॉइंट जवानाचाही जातो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये हेच मांडलं होतं. नुसतं एकत्र आल्याने दोन गटांमधला पूर्वग्रह जात नाही. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, एकमेकांच्या मदतीने काम व्हायला हवं आणि या सगळ्याला वरून पाठिंबाही हवा.

ही कल्पना इराकमध्ये तपासली गेली. आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिश्चन खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घेतले, काही संघ पूर्ण ख्रिश्चन ठेवले. सलमा मूसा यांचा हा अभ्यास २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. मिश्र संघातले खेळाडू सहा महिन्यांनंतरही मुस्लिम खेळाडूंसोबत सराव करायला जास्त तयार होते. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांशी वागताना फारसा फरक पडलेला नव्हता.

म्हणजे खेळ दार उघडतो, पण घरात नेत नाही. महाराष्ट्राने हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिलाय.

पुण्यातला तो गोलंदाज

पालवणकर बाळू यांचे वडील लष्कराच्या नोकरीत होते. चर्मकार समाजातले बाळू पुण्यात वाढले आणि लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकले. पुढे १८९० च्या दशकात युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये ते मैदानाची देखभाल करायला लागले. पगार होता महिन्याला चार रुपये.

तिथे कॅप्टन जे. जी. ग्रेग या लष्करी अधिकाऱ्याने सरावासाठी त्यांना रोज गोलंदाजी करायला लावली. आपल्याला बाद केलं की ग्रेग आठ आणे द्यायचा, असं सांगितलं जातं. साहेब आणि मैदानावरचा मजूर रोज तासन् तास एकत्र खेळत होते. पण त्या नेट्समध्ये बाळूंच्या हातात बॅट कधीच दिली गेली नाही.

नंतर हिंदूंच्या संघाने त्यांना घेतलं, कारण युरोपियनांना हरवायचं होतं. मैदानात सगळे तोच चेंडू हाताळायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून जास्त बळी घेतले. तरीही ते कर्णधार झाले नाहीत. तो मान १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

साहेबाने चेंडू दिला, पण बॅट दिली नाही. संघातल्या सहकाऱ्यांनी जागा दिली, पण कप दिला नाही. एकत्र खेळणं आणि बरोबरीने वागवणं यांतलं अंतर किती असू शकतं, ते यातून कळतं.

टीका काय होते?

पहिला मुद्दा बळाचा. सामना मैत्रीचा असला, तरी एका संघाकडे झडती घेण्याचा आणि ताब्यात घेण्याचा अधिकार असतो. बोलावणं आल्यावर 'नाही' म्हणायची सोय खरंच आहे का, हा प्रश्न उरतो.

दुसरा मुद्दा जिवाच्या धोक्याचा. गडचिरोलीत माओवाद्यांनी 'पोलिसांचा खबरी' ठरवून अनेक गावकऱ्यांना मारलंय. अशा भागात पोलिसांसोबत खेळणाऱ्या तरुणाचा फोटो व्हायरल झाला, तर त्याचे परिणाम तो तरुण भोगतो, फोटो टाकणारा नाही.

तिसरा मुद्दा विश्वास टिकण्याचा. हैतीमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या लष्करी तुकड्यांचं नेतृत्व ब्राझीलकडे होतं. १८ ऑगस्ट २००४ रोजी ब्राझीलचा फुटबॉल संघ तिथे मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेला. ब्राझील ६-० ने जिंकला आणि लोकांनी जल्लोष केला. २०१० मध्ये शांतिसेनेच्या एका तळावरच्या सांडपाण्यातून कॉलरा पसरला, हजारो लोक मेले. संयुक्त राष्ट्रांना माफी मागायला २०१६ उजाडलं. तोवर त्या जल्लोषाचा उपयोग उरला नव्हता.

मग रत्नागिरीसाठी यात काय आहे?

रत्नागिरीत तटरक्षक दलाचं ठाणं आहे. हे दल मच्छीमारांशी संवाद कार्यक्रम घेतं. त्यात लाइफ जॅकेट, हवामानाचे इशारे, संकटात मदत कशी मागायची, हे सांगितलं जातं. समुद्रात अडकल्यास तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हा क्रमांक आहे.

इथे विश्वासाची कसोटी वादळात लागते. १५५४ वर फोन केला आणि मदत आली, तर ती बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या बंदरात पोचते. होडीची तपासणी करताना खलाशाशी कोण कसं बोललं, हेही तितक्याच वेगाने पोचतं. वाळूवर खेळलेला व्हॉलीबॉलचा सामना या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. तो फक्त पहिली ओळख करून देतो.

त्यामुळे पुढच्या वेळी जवान आणि गावकऱ्यांच्या सामन्याचा व्हिडिओ समोर आला, तर 'सॅल्यूट' किंवा 'प्रचार' लिहिण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. संघ मिसळून केलेत की 'ते' विरुद्ध 'आपण' आहेत? आणि सामना संपल्यावर त्याच गावकऱ्याचं काम घेऊन तो ठाण्यात गेला, तर त्याला बसायला खुर्ची मिळते का?