न चिकटणारा तवा आणि गाळून न निघणारे विष



धिरडी, घावन, डोसे यांसाठी आज कितीतरी घरांत काळा, गुळगुळीत नॉन-स्टिक तवा असतो. तेल कमी लागते, धिरडे तुटत नाही आणि तवा धुवायलाही वेळ लागत नाही. त्यावरचा तो थर बहुधा टेफ्लॉनचा असतो, आणि टेफ्लॉन हे एक प्लॅस्टिकच आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि डबे यांबद्दल आपण खूप बोलतो, पण रोज गॅसवर चढणाऱ्या या प्लॅस्टिकचा इतिहास आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असतो. आज तोच सांगते.

हे प्लॅस्टिक कोणी ठरवून शोधलेले नाही. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा २७ वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी लागणाऱ्या वायूंवर काम करत होता. त्याने एका नळकांड्याची तोटी उघडली तर वायू येईना. वजन मात्र तेवढेच होते. नळकांडे करवतीने कापले तेव्हा आत पांढरी, मेणासारखी भुकटी सापडली. तिच्यावर आम्लाचा परिणाम होईना आणि तिला काही चिकटेना. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या कामात जहाल वायूच्या नळ्यांचे सांधे बंद करायला तिचा उपयोग झाला. स्वयंपाकघरात ती आली फ्रान्समधून. मार्क ग्रेगॉर हे अभियंते मासेमारीच्या साहित्याला हा लेप देत होते. त्यांच्या पत्नीने, कोलेत यांनी, हाच लेप भांड्यांना द्या असे सुचवले. १९५६ मध्ये टेफाल कंपनी सुरू झाली आणि बायकांची घासण्याची मेहनत वाचली.

इथपर्यंतची गोष्ट चांगली आहे. पुढची तव्याची नाही, तो बनवण्याची आहे.

टेफ्लॉन तयार होताना गुठळ्या होऊ नयेत म्हणून एक साबणासारखे द्रव्य वापरत. त्याचे नाव पीएफओए, कारखान्यात त्याला सी-८ म्हणत. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीकाठी पार्कर्सबर्गजवळ ड्यूपॉन्टचा कारखाना होता. तिथे १९५१ पासून ते वापरात होते. हे द्रव्य निसर्गात कुजत नाही. एकदा रक्तात गेले की वर्षानुवर्षे राहते. १९६१ मध्येच कंपनीच्या शास्त्रज्ञांना दिसले होते की त्याने प्राण्यांचे यकृत सुजते. १९८१ मध्ये तिथे काम करणाऱ्या बायकांच्या सात बाळांची माहिती घेतली, तर दोघांच्या डोळ्यांत दोष आढळला. कंपनीने बायकांना त्या विभागातून हलवले, पण ही माहिती त्या वेळी सरकारला दिली नाही. १९८४ मध्ये गावाच्या नळाच्या पाण्यात सी-८ सापडले. तेही लोकांना कळले नाही.

कळले ते गायींमुळे. विल्बर टेनंट या शेतकऱ्याच्या कुरणातून एक ओढा वाहत होता, आणि त्याच्या वरच्या अंगाला कंपनीने कचरा पुरला होता. ओढ्याचे पाणी पिणाऱ्या त्याच्या गायी अशक्त झाल्या, वासरे दगावली. दीडशेहून अधिक जनावरे गेली. टेनंटने त्याचे व्हिडिओ घेऊन ठेवले. गावात कोणी ऐकेना, तेव्हा १९९८ मध्ये त्याने रॉब बिलॉट या वकिलाला गाठले. बिलॉट एरवी रासायनिक कंपन्यांचीच बाजू मांडत, पण त्यांची आजी त्याच भागात राहायची. त्यांनी खटला घेतला आणि कंपनीचे जुने कागद बाहेर काढले. माहिती दडवल्याच्या आरोपावरून २००५ मध्ये कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. सुमारे ६९,००० लोकांनी तपासणीसाठी रक्त दिले. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीने सी-८ चा सहा आजारांशी संभाव्य संबंध सांगितला. त्यात मूत्रपिंडाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार आणि गरोदरपणातील रक्तदाब आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने पीएफओएवर बंदी घातली.

मैत्रिणींनो, आपण पाणी गाळून पितो. कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच पाण्यात सोडतो. पाण्याशी आपले वागणे असे जपलेले आहे. पण हे द्रव्य कुठल्याच कापडातून गाळले जात नाही, पाणी उकळल्यानेही जात नाही. जीवदया पाळणाऱ्या घरातल्या तव्यापायी हजारो मैलांवरच्या ओढ्यात गायी मेल्या असतील, हे कोणाला ठाऊक असणार? कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो. माहीत नव्हते तोवर गोष्ट वेगळी होती. माहीत झाल्यावर पुढची खरेदी आपल्या हातात असते.

हे सगळे दूर अमेरिकेत झाले असेही म्हणता येत नाही. इटलीत व्हिचेंझाजवळ त्रिस्सिनो येथे मितेनी नावाचा कारखाना याच कुळातील रसायने बनवायचा. तिथले भूजल दूषित झाल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. त्या भागात सुमारे साडेतीन लाख लोक राहतात. मुलांच्या रक्तात ही द्रव्ये सापडली तेव्हा तिथल्या आया एकत्र आल्या आणि वर्षानुवर्षे लढल्या. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. कारखान्याचे दिवाळे २०१८ मध्येच निघाले होते. त्याची यंत्रे लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती आपल्या कोकणात, खेड आणि चिपळूणच्या मध्ये लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली. तिथल्या विहिरींचे आणि खाडीचे पाणी या द्रव्यांसाठी नियमित तपासावे आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत, एवढे मागणे इटलीतल्या आयांकडून आपण नक्की शिकू शकतो.

आता घरातल्या तव्याचे काय? घाबरून लगेच फेकू नका. थराचा कण पोटात गेला तरी तो बहुधा तसाच बाहेर पडतो. धोका आहे जास्त तापवण्यात. सुमारे २६० अंशांच्या पुढे थर खराब होऊ लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तेवढा तापतो. आणखी तापला तर त्या धुराने माणसाला ताप आल्यासारखे होते आणि पिंजऱ्यातले पोपट, लव्हबर्ड्स मरतात. म्हणून तवा रिकामा तापवू नका, आच मध्यम ठेवा, लाकडी उलथने वापरा आणि थर सोलवटला की तवा बाद करा. नवा घेताना बिडाचा किंवा लोखंडाचा घ्या. सुरुवातीला चार धिरडी चिकटतील. तवा तेलावर नीट मुरला की पाचवे सुटून येईल, आणि तो तवा सुनेलाही पुरेल.