बोलून भीती जाते का?

छाती धडधडते, श्वास कोंडतो, आता आपण मरणार अशी खात्रीच होते. रात्री धावपळ करून माणसाला रुग्णालयात नेतात, ईसीजी निघतो आणि डॉक्टर सांगतात, ‘काही झालेलं नाही.’ घरचे निर्धास्त होतात. झटका येऊन गेलेला मात्र पुढच्या झटक्याची वाट बघत बसतो. याला आज पॅनिक डिसऑर्डर म्हणतात.

१८९३ च्या उन्हाळ्यात सिग्मंड फ्रॉइड सुटीसाठी ऑस्ट्रियाच्या डोंगरात गेला होता. तिथल्या खानावळीतल्या एका मुलीनं, हा डॉक्टर आहे हे पाहुण्यांच्या वहीत वाचून, त्याला गाठलं. दम कोंडून जीव जाईल असं तिला वाटे. फ्रॉइड तिला बोलतं करत गेला आणि जवळच्या नातलगानं केलेले लैंगिक अत्याचार बाहेर आले. पुस्तकात त्यानं तो नातलग ‘काका’ असल्याचं छापलं; तो बाप होता, हे १९२४ मध्ये तळटीपेत सांगितलं.

गंमत पुढेच आहे. हे पुस्तक १८९५ चं. त्याच वर्षी फ्रॉइडनं अशा झटक्यांवर स्वतंत्र लेख लिहिला. धडधड, घाम, चक्कर, सगळी लक्षणं त्यात नेमकी आहेत. पण याचं मूळ शारीरिक, तेव्हा मानसोपचाराचा उपयोग नाही, असा निर्वाळाही आहे! १९२६ मध्ये त्यानं मत बदललं. भीती म्हणजे मनानं स्वतःला दिलेला इशारा, असं तो म्हणू लागला. मग वर्षानुवर्षं मनोविश्लेषण चाललं. दुसऱ्या उपचाराशी ताडून पाहायचं मात्र राहिलं.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड क्लाइन यांनी १९५९ च्या सुमारास अशा रुग्णांना इमिप्रामिन हे औषध दिलं. काही आठवड्यांनंतरही रुग्ण म्हणे, फरक नाही. डॉक्टरही तेच म्हणत. वॉर्डातल्या परिचारिकांच्या मात्र लक्षात आलं, की ‘मी मरतोय’ म्हणत आपल्याकडे धावत येणं त्यानं थांबवलं आहे. मला ही निरीक्षणं मोठ्या सिद्धांतांपेक्षा मोलाची वाटतात. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत पॅनिक डिसऑर्डर हा स्वतंत्र आजार झाला. पुढे विचारांची सवय बदलणारी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी आली, ती पहिल्यापासून मोजमापाला तयार होती.

मनोविश्लेषणाच्या वळणाचा उपचार त्या कसोटीवर उतरला तो २००७ मध्ये. बार्बरा मिलरॉड आणि सहकाऱ्यांनी ४९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. झटका पहिल्यांदा कधी आला, तेव्हा घरात काय चाललं होतं, कुणावरचा राग गिळला होता, हे एका गटाशी बोललं गेलं. दुसऱ्याला शरीर सैल सोडायचं तंत्र शिकवलं. पहिल्या गटात १०० मागे ७३ जणांना गुण आला, दुसऱ्यात ३९ जणांना.

एवढ्यावर ढोल वाजवणं बरं नव्हे. त्याच चमूनं २०१६ मध्ये २०१ रुग्णांवर तिन्ही पद्धती ताडल्या. न्यूयॉर्कमध्ये त्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. पेनसिल्व्हेनियात बोलण्याचा उपचार इतर दोघांच्या मागे पडला. मला स्वतःला त्यातला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो. तंत्र शिकणाऱ्यांपैकी १०० मागे ४१ जणांनी उपचार अर्ध्यावर सोडला, कॉग्निटिव्ह पद्धतीत २५ जणांनी, आणि मनात दडलेलं बोलणाऱ्यांपैकी २२ जणांनी.